वाचक विचारतात : रजेच्या व्हिसाचे दिवस कधीपासून मोजायचे?

प्रश्न : माझे पती सौदी अरेबियात दम्मामजवळ एका कंत्राटदार कंपनीत फोरमन आहेत. दोन महिन्यांच्या रजेसाठी कंपनीने त्यांचा ‘खुरूज-औदा’ म्हणजे देशाबाहेर जाऊन परत येण्याचा व्हिसा काढून दिला. परंतु बदली माणूस वेळेवर न आल्याने ते वीस दिवस उशिरा निघाले. आता सासूबाईंची शस्त्रक्रिया लांबणीवर पडल्यामुळे रजा वाढवावी लागेल असे दिसते. व्हिसाचे ६० दिवस कधीपासून धरायचे, आणि इथे असताना मुदत वाढवून मिळते का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : कंपनीने दिलेला व्हिसाचा छापील कागद आधी काढून पाहा. त्यावर ‘रिटर्न बिफोर’ असे लिहून पुढे ठराविक तारीख दिली असेल, तर दिवस व्हिसा निघाल्यापासूनच मोजले जातात. म्हणजे १ मे रोजी व्हिसा निघाला आणि माणूस २० मेला विमानात बसला, तर त्याच्या हाती जेमतेम ४० दिवस उरतात. याउलट कागदावर तारीख नसून ६०, ९० किंवा १२० असे नुसते दिवस दिलेले असतील, तर व्हिसा निघाल्यापासून तीन महिन्यांच्या आत देश सोडायचा असतो आणि मुदत प्रत्यक्ष निघाल्याच्या दिवसापासून सुरू होते. पुष्कळ जण परतीचे तिकीट हा फरक न पाहता काढतात आणि मग धावपळ होते.

माणूस भारतात असतानाही मुदतवाढ मिळू शकते. त्यासाठी इकामा, म्हणजे सौदीतील निवास परवाना, वाढीव दिवसांनाही पुरेल इतका वैध असावा लागतो. तो संपत आला असल्यास कामगार देशाबाहेर असतानाही कंपनी त्याचे नूतनीकरण करू शकते. एका फेरीच्या व्हिसाला पहिल्या दोन महिन्यांसाठी २०० रियाल आणि पुढील प्रत्येक महिन्यास १०० रियाल असा मूळ दर आहे, परंतु बाहेरून मुदत वाढवताना तो दुप्पट धरला जातो. अर्ज कंपनीलाच ‘मुकीम’ या संकेतस्थळावरून करावा लागतो, त्यामुळे आपल्या पतींनी रुग्णालयाचे पत्र जोडून मनुष्यबळ विभागाला आजच ई-मेल करावा. फोनवरचे ‘हो, करतो’ पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही.

खर्चाविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. सौदी कामगार कायद्याच्या ४०व्या कलमानुसार इकाम्याप्रमाणेच या व्हिसाचे शुल्कही मालकाने भरायचे असते. स्वतःच्या कारणासाठी वाढवलेल्या रजेचा भार काही कंपन्या कामगारावर टाकू पाहतात. तसे झाल्यास या कलमाचा उल्लेख पत्रात अवश्य करावा.

पतींचा पासपोर्टही संपत आला असल्यास तो इथे नवा करून घेता येईल, मात्र नवा क्रमांक कंपनीकडून सौदी नोंदीत चढवून घ्यावा आणि परतताना जुना पासपोर्टही जवळ ठेवावा.

प्रश्न : माझा भाऊ रियाधमध्ये एका कुटुंबाकडे वाहनचालक आहे. आता मालकाच्या परवानगीवाचून ‘अबशीर’ या सौदी सरकारच्या ऑनलाइन सेवेवरून स्वतःच व्हिसा काढता येतो, असे त्याचे मित्र सांगतात. ते खरे आहे का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : मित्रांचे म्हणणे त्यांच्यापुरते बरोबर असू शकेल. १४ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या सुधारणांनुसार खासगी आस्थापनांतील कामगारांना हा व्हिसा स्वतः मागता येतो आणि मालकाला त्याची केवळ सूचना जाते. मात्र घरगुती कामगार, घरचे वाहनचालक, माळी, मेंढपाळ व शेतमजूर यांना त्या सुधारणांतून वगळण्यात आले. त्यामुळे आपल्या भावाचा व्हिसा कफील, म्हणजे त्याला कामावर ठेवणारा मालकच, स्वतःच्या अबशीर खात्यातून काढील. त्याआधी भावाच्या नावावर वाहतुकीचा दंड थकलेला नाही ना, हे पाहून घ्यावे. वाहनचालकांचे अर्ज बहुधा तिथेच अडतात. शिवाय कागद हाती आल्यावर तो ‘खुरूज-औदा’चाच आहे, ‘खुरूज निहाई’चा म्हणजे कायमचे परत पाठवण्याचा नाही, याची खात्री अरबी वाचता येणाऱ्या माणसाकडून विमानतळावर जाण्यापूर्वीच करून घ्यावी.