पिल्लाला घेऊन प्रवास करायला सगळ्यात हलका क्रेट कोणता?

तुम्ही लिहिलंय की तुमचं बीगलचं पिल्लू तीन महिन्यांचं आहे, महिन्यातून दोनदा गाडीने चार-साडेचार तासांचा प्रवास असतो, मुक्कामाला गेल्यावर तिसऱ्या मजल्यापर्यंत सामान स्वतः चढवावं लागतं, आणि म्हणून तुम्हाला सगळ्यात हलका, घडीचा क्रेट, म्हणजे कुत्र्याला ठेवायचा पिंजरा, हवाय. आधी मलाच एक विचारू द्या. हा क्रेट धावत्या गाडीत वापरायचाय की मुक्कामाच्या खोलीत? तुमच्या प्रश्नात ही दोन्ही कामं एकत्र झाली आहेत आणि एक हलका क्रेट दोन्हींना पुरा पडत नाही.

घडीचा हलका क्रेट म्हणजे पोकळ नळ्यांची चौकट, तिच्यावर ताणलेलं जाड कापड आणि जाळीच्या खिडक्या. खोलीत त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. बीगलच्या मापाचा तारेचा क्रेट घेतला तर कापडीचं वजन साधारण त्याच्या निम्मं भरतं. घडी घातली की खांद्याला अडकवून जिना चढता येतो, वर गेल्यावर मिनिटभरात उभा राहतो.

गाडीत मात्र त्याच्यावर भिस्त ठेवू नका. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर पाच किलोच्या पिल्लाचा भार त्या क्षणी जवळपास 100 किलोसारखा होतो. तो कापडाने, शिलाईने आणि चेनने पेलायचा, हे होणारच नाही. त्यामुळे गाडीसाठी अपघात-चाचणी केलेला छोटा कॅरिअर (पिल्लू आत बसवायची पेटी) घ्या, नाहीतर सीटबेल्टला अडकणारा, तशीच चाचणी झालेला हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारे पट्टे. पट्टा गळ्यातल्या कॉलरला चुकूनही अडकवू नका, आणि जागा मागच्या सीटवरच द्या, कारण पुढे एअरबॅग असते. नुसत्या ‘चाचणी केलेला’ या शब्दांवर जाऊ नका. किती वजनापर्यंत चाचणी केली आणि वस्तू गाडीत कशाने बांधली होती, हे वाचा. अमेरिकेत ‘सेंटर फॉर पेट सेफ्टी’ नावाची संस्था कुत्र्याच्या वजनाचे पुतळे वापरून अशा चाचण्या स्वतंत्रपणे घेते. त्यांचे निकाल बघितलेत तर दोन वस्तूंमधला फरक लगेच समजेल.

यात तुमच्या जिन्याचा प्रश्नही सुटतो. जड वस्तू गाडीतच राहील. वर न्यायचा तो फक्त कापडी क्रेट, आणि पिल्लू कडेवर.

आता माप. क्रेटमध्ये पिल्लाला डोकं न वाकवता उभं राहता यावं, जागच्या जागी वळता यावं आणि पाय पसरून कुशीवर झोपता यावं. विमानवाहतुकीसाठी आयएटीएचं (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं) एक सूत्र आहे, जमिनीवरच्या क्रेटसाठीही मी तेच धरते. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्या, तिच्यात जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवा, ही झाली क्रेटची लांबी. म्हणजे कुत्रा 55 सेंटिमीटर आणि कोपर 20 वर असेल, तर 65. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची उभं असताना डोक्यापर्यंत, अधिक अंथरुणाची जाडी. माप घेताना पिल्लू हलतं, म्हणून त्याला भिंतीला लागून उभं करा आणि भिंतीवर पेन्सिलने खुणा करा, टेपशी झटापट होत नाही.

हे माप आजचं झालं. पूर्ण वाढलेला बीगल खांद्याशी 33 ते 41 सेंटिमीटर भरतो आणि वर्षाच्या आत जवळपास तेवढा होतो, त्यामुळे आजच्या मापाचा क्रेट काही महिन्यांत अपुरा पडेल. उलट मोठा घेतला तर पिल्लू एका टोकाला झोपतं आणि दुसऱ्या टोकाला शू करतं. तारेच्या क्रेटमध्ये मधे घालायचा पडदा मिळतो, कापडीमध्ये बहुतेक वेळा नसतो. मी मोठाच घेतला होता आणि मागच्या बाजूला प्लास्टिकची रिकामी टोपली पालथी घालून जागा कमी केली होती. पिल्लू वाढेल तशी टोपली काढून टाकायची.

कापडी क्रेटची खरी परीक्षा चेनपाशी होते. आमची कुत्री चिमी पाच महिन्यांची असताना परक्या खोलीतली पहिलीच रात्र होती. दिवा घालवून दोन मिनिटं झाली नसतील, तोच बारीक चरचर ऐकू आली. मी मोबाइलचा उजेड टाकला. चेन सरकवायचे दोन रनर जिथे एकत्र येतात त्या कोपऱ्यात बोटभर फट राहिली होती आणि तिने बरोबर तिथे नाक घातलं होतं. नाकाने एक रनर सरकवला, मग पंजा, मग डोकं, आणि बाईसाहेब माझ्या उशाशी येऊन उभ्या. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही रनरच्या भोकांतून किल्लीच्या जुडग्याला असतो तसा छोटा हूक घालायला लागले, पुन्हा कधी चेन उघडली नाही. म्हणून विकत घेताना रनर धातूचे आहेत का आणि त्यांना भोक आहे का, हे आधी बघा. मग क्रेट उभा करून छताच्या मधोमध तळवा दाबा. नळ्या लगेच वाकल्या किंवा सांधा सुटला तर तो क्रेट ठेवून द्या, कितीही हलका असला तरी. तळ ओल न झिरपणारा हवा, कव्हर काढून धुता आलं पाहिजे, आणि जाळी निदान तीन बाजूंना हवी.

तुमच्या पिल्लाच्या वयाची एक अडचण स्पष्ट सांगते. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात कुत्र्याचे 28 दुधाचे दात पडून 42 पक्के येतात आणि हिरड्या शिवशिवत असल्याने समोर येईल ते चावलं जातं. क्रेटची जाळी तर नाकासमोरच असते. ती फाटण्याचं मला वाईट वाटत नाही, पण लांब धागा गिळला गेला तर तो आतड्यात अडकतो आणि वेळप्रसंगी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून दात येईपर्यंत कापडी क्रेटमध्ये पिल्लाला एकटं सोडून बाहेर जाऊ नका. तुम्ही खोलीत आहात, जागे आहात किंवा शेजारीच झोपला आहात, तेवढ्यापुरताच तो वापरा. एकटं ठेवावंच लागणार असेल तर तारेचा क्रेट घ्या आणि जिन्याचा त्रास सोसा. तारेच्या क्रेटमध्ये ठेवताना गळ्यातला पट्टा काढा, तो तारेत अडकून गळफास बसू शकतो.

क्रेट प्रवासाच्या आदल्या दिवशी आणू नका. निदान दोन आठवडे आधी घरात उभा करा, दार उघडंच ठेवा आणि जेवणाची वाटी आत सरकवा. पहिले काही दिवस पिल्लू पुढचे दोन पाय आत आणि मागचे बाहेर ठेवून खाईल, खाऊ द्या. स्वतःहून आत जाऊन झोपायला लागलं की मगच दार मिनिटभर लावून बघा. रडत असताना दार उघडू नका, क्षणभर शांत झालं की उघडा. पण घाबरून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, तर तो हट्ट नव्हे. तेव्हा दार उघडा आणि एक पायरी मागे या. ही सवय झाली नाही तर कापडी क्रेट एका रात्रीत फाटतो, वर पिल्लाच्या मनात भीती बसते.

गाडीत पिल्लं उलटी करतात कारण तोल सांभाळणारा कानातला भाग अजून पुरता तयार झालेला नसतो, बहुतेकांचं वाढत्या वयात थांबतं. निघण्याआधी तीन-चार तास जेवण देऊ नका, पाणी मात्र द्या, आणि दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पट्टा लावून खाली उतरवा. थांबलेल्या गाडीत त्याला ठेवून कुठेही जाऊ नका. बाहेर जेमतेम 21 अंश असतानाही बंद गाडीत दहा मिनिटांत 32 आणि अर्ध्या तासात 40 अंशांपर्यंत पारा चढतो, खिडकी थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

पिल्लाची नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, आत्ताचं वजन आणि मागच्या सीटची रुंदी लिहून टाका. दोन्ही वस्तू किती मापाच्या घ्याव्यात ते सांगते.