वाचकांचे प्रश्न : ट्रॉम्बोन सुटल्यानंतरचे डेव्हिड बेकर

प्रश्न : डेव्हिड बेकर यांना ट्रॉम्बोन या फुंकून वाजवायच्या पितळी वाद्याचे जॅझ वादक म्हणतात, पण काम बहुतेक रचनेचं आणि अध्यापनाचं दिसतं. असं का?

उत्तर : जबड्यामुळे. बेकर यांचा जन्म १९३१ चा, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा. १९५३ मध्ये मोटार अपघातात त्यांचा जबडा दुखावला. ट्रॉम्बोनचा सूर ओठांच्या कंपनातून निघतो आणि ते ओठ वाद्याच्या तोंडाशी, म्हणजे माउथपीसवर नेमक्या ताणात धरायचे ते जबड्याच्या आणि गालांच्या स्नायूंनी. तो ताण जरा ढळला की आधी वरचे सूर निसटतात. तरी ते पुढे काही वर्षं वाजवत राहिले. जॅझ रचनाकार जॉर्ज रसेल यांच्या समूहातल्या ध्वनिमुद्रणांत ते ऐकायला मिळतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मात्र ट्रॉम्बोन खाली ठेवावा लागला आणि तिशीच्या सुमारास त्यांनी चेलो हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य हाती घेतलं. पुढे यानोस श्टार्कर यांच्यासारख्या चेलोवादकासाठी त्यांनी कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीची रचना, लिहिली. १९६६ मध्ये ते इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले, तिथला जॅझ विभाग त्यांनी उभा केला आणि २०१३ पर्यंत सांभाळला. वादन थांबलं म्हणून कारकीर्द अर्धवट राहिली, असं आम्ही मुळीच मानत नाही. एकट्याच्या बोटांत असलेली विद्या त्यांनी वर्गात शिकवता येईल अशी मांडली, आणि हे काम वादनाइतकंच अवघड आहे.

प्रश्न : त्यांनी शिकवलेली ‘बीबॉप स्केल’, म्हणजे जॅझच्या बीबॉप शैलीतली स्वरमालिका, सरगमीत सांगाल का?

उत्तर : जरूर. सा, ग, प आणि कोमल नी (लिहिताना नी॒) असा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, चालू आहे आणि एका मात्रेत दोन सूर घेत आपण खाली येतोय असं धरा. साधा अवरोह घेतला : सां नी॒, ध प, म ग, रे सा. ठोक्यावर येतात सां, ध, म, रे. म्हणजे कॉर्डमधला सां तेवढा ठोक्यावर, बाकीचे अधेमधे. कानाला ओळ भरकटल्यासारखी वाटते. आता सां आणि कोमल नी यांच्यामध्ये शुद्ध नी घाला : सां नी, नी॒ ध, प म, ग रे. ठोक्यावर सां, कोमल नी, प, ग. अख्खा कॉर्ड! एका जादा सुराने सगळं हिशेबात बसतं. विद्यार्थी चुकतात ते सुरुवातीला. ध किंवा म ठोक्यावर धरून निघालात तर तोच जादा सूर सगळं उलटं करतो. अशा सुरापासून निघायचं असेल तर अर्ध्या मात्रेवर निघा.

प्रश्न : ट्रॉम्बोनवर जलद ओळी अडखळतात. उपाय?

उत्तर : स्लाइडची, म्हणजे ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीची, दिशा तपासा. ती बाहेर सरकवताना थांबायच्या सात जागा, म्हणजे पोझिशन असतात आणि प्रत्येक पुढच्या पोझिशनला सूर अर्धस्वराने उतरतो. मधल्या सी सुराच्या वरचे एफ, ई-फ्लॅट, डी घ्या. बरेचजण १, ३, १ असे जातात. हात बाहेर जाऊन परत आत येतो, तिथेच वेळ जातो. डी चौथ्या पोझिशनमध्येही मिळतो, म्हणून १, ३, ४ असे घ्या, हात एकाच दिशेने जाईल. मात्र प्रत्येक पोझिशनमध्ये ओठांचा ताण बदलून पायरीपायरीने जे सूर चढवता येतात, त्या स्वरश्रेणीत हे तिन्ही सूर एकाच पायरीचे आहेत, त्यामुळे प्रत्येकावर जिभेने हलका ‘दा’ हवा, नाहीतर नकळत मींड होते. चौथ्या पोझिशनचा आणखी एक फायदा आहे. पहिल्या पोझिशनमधला डी मुळातच किंचित उतरलेला असतो, आणि तो चढवायला स्लाइड आणखी आत घ्यायला जागाच नसते.