वाचक विचारतात : संघनिवड आणि जिमखान्यावरचा राग

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघातल्या मुख्य चढाईपटूला विभागीय स्पर्धेच्या तोंडावर क्रीडा संचालकांनी वगळलं. संघ पहिल्याच सामन्यात हरला. माजी खेळाडू, गावातले प्रेक्षक, सगळेच भडकलेत. जिमखान्याला टाळं ठोकायचं घाटतंय. दाद कुठे मागायची?
— माजी विद्यार्थी, तासगाव

उत्तर : टाळं ठोकू नका. निवडीचा विषय बाजूला पडतो, पोलिसांत नावं जातात ती पोरांची, आणि पुढच्या चाचणीला त्यांनाच उभं राहायचं असतं.

आधी वजन आणि कागद तपासा. पुरुष गटाची मर्यादा ८५ किलो. काटा त्याच्या वर गेला की नाव कटतं आणि १२ जणांतली एक जागा फुकट जाते. आठवडाभर ८६-८७ वर रेंगाळणारा गडी संचालक आधीच बदलतात, आणि ते बरोबरच आहे. पाणी तोडून शेवटच्या रात्री दोन किलो उतरवलेल्या पोराच्या पोटऱ्यांत उत्तरार्धात गोळे येतात. कागदांत प्रवेश कायम नसणं, शिक्षणात खंड असणं, पात्रता अर्जावर प्राचार्यांची सही राहणं, यांवर नाव अडू शकतं.

दोन्ही ठीक असेल, तर निवडीबद्दल विचारायलाच हवं. अर्ज मात्र खेळाडूने स्वतः प्राचार्यांच्या नावे करायचा, तुम्ही नव्हे. दोन प्रती काढा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. चाचणीची नोटीस कधी लागली, निवड समितीत कोण होतं, कुणाला किती गुण पडले, एवढंच विचारा. उत्तर आलं नाही, तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार समितीचा अहवाल शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत यावा लागतो. तो पटला नाही, तर मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं.

तुम्हा चाहत्यांच्या हाती माहितीचा अधिकार आहे. कॉलेज अनुदानित असेल, तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून जनमाहिती अधिकाऱ्याला अर्ज द्या. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र ‘पैसे खाल्ले’ असलं काही लिहू नका. पुरावा नसेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली मानहानीचा खटला तुमच्यावरच येईल.

अर्जात मागणी एकच ठेवा : पुढच्या स्पर्धेआधी खुली फेरचाचणी. गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीच्या निवडीत डावलले गेले, तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागून पुन्हा कुस्ती लावून घेतली, ती जिंकली आणि १९५२ चं कांस्यपदक आणलं.

प्रश्न : संचालकांनी मातीवरचा सराव बंद करून मॅट आणली. पोरांचे गुडघे दुखतात, जुने खेळाडू नाराज आहेत.
— पालक, कराड

उत्तर : सामने मॅटवर होणार असतील, तर सरावही मॅटवरच हवा, इथे संचालकांचं बरोबर आहे. चूक एका दिवसात बदलण्याची. मातीत वळताना पाय घसरतो, मॅटवर तो जागीच धरला जातो आणि पीळ गुडघ्यात उतरतो. पहिले तीन आठवडे मॅटवर दिवसाआड उतरवा, मधल्या दिवशी मातीवर. सपाट रबरी तळाचे बूट सक्तीचे करा, अनवाणी नको.

संचालकांना धरायचंच असेल तर मॅटच्या सांध्यांवरून धरा. १३ बाय १० मीटरच्या मैदानाला एक मीटरचे १३० तुकडे लागतात. ते एकमेकांत घट्ट बसले नाहीत, की अंगठा फटीत अडकतो. सरावाआधी सांधे पायाने दाबून बघा, उचललेला तुकडा लगेच बदला. मॅटवर माती आली, तर ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण सुकल्यावरच पोरांना उतरवा.