शेक संपून दीड वर्ष झालं, मग रक्त आता का?

"शेक घेतला तेव्हा काही त्रास झाला नाही. आता दीड वर्षाने संडासला रक्त दिसतंय. परत आला ना तो?" प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रेडिएशन, म्हणजे शेक, घेतलेल्या, सत्तरीतल्या एका काकांचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) असा प्रश्न घेऊन बरेच जण येतात.

काकांनी महिनाभर घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. लघवीची घाई होते म्हणून पाणी तोडलं, भाचीच्या लग्नालाही गेले नाहीत. आणि नातीला जवळ घेणं सोडलं, का तर अंगात किरणं असतील! हे ऐकून मला फार वाईट वाटलं. मशीनमधून बाहेरून दिलेली किरणं अंगात उरत नाहीत, एवढं एक वाक्य त्यांना कुणी वेळेवर सांगायला हवं होतं.

आता रक्ताचं. प्रोस्टेट ग्रंथी गुदाशयाला, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागाला, अगदी लागून असते, त्यामुळे शेक देताना गुदाशयाच्या पुढच्या भिंतीलाही किरणं लागतात. तिथे सावकाश नव्या, नाजूक रक्तवाहिन्या तयार होतात आणि खडा झाला की त्या खरचटून रक्त येतं. हे सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, कधी त्याहून उशिराही सुरू होतं. म्हणून रक्त दिसलं की कॅन्सर परतलाच असं नाही. पण मूळव्याध समजून मेडिकलमधून मलम आणून लावत बसणंही चूक. तपासून घ्यायलाच हवं.

दुर्बिणीने तपासणाऱ्या डॉक्टरांना शेक घेतल्याचं आधी सांगायचं, यावर मी फार भर देते. त्या पुढच्या भिंतीचा तुकडा तपासणीसाठी काढला तर जखम भरून न येण्याचा धोका असतो. काकांकडून मी एक कागद लिहून घेतला: शेक कधी संपला, पीएसएचे (प्रोस्टेटच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायच्या रक्ततपासणीचे) आकडे, रोजच्या गोळ्या. त्यात रक्त पातळ करणारी गोळी निघाली. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, हेही बजावलं.

तपासणीत त्या नाजूक रक्तवाहिन्याच निघाल्या. पीएसएही खालीच होता. रोज इसबगोल सुरू झाल्यावर खडा होणं थांबलं आणि रक्त क्वचित दिसू लागलं. रक्त थांबलं नसतं, तर दुर्बिणीतूनच त्या वाहिन्या बंद करता येतात.

पाणी तोडल्याने लघवी दाट होते आणि जळजळ वाढते. पाणी दिवसा नीट प्यायचं, चहा-कॉफी कमी करायची. लघवीची घाई आवरावी म्हणून, वारा अडवताना आवळतो ते स्नायू रोज आवळायचे-सोडायचे, अगदी टीव्ही बघतानासुद्धा.

काकू औषधं आणायला गेल्यावर काकांनी संबंधांचं विचारलं. शेकानंतर ताठरता एकदम जात नाही, वर्षा-दोन वर्षांत हळूहळू कमी होते. त्यावर गोळ्या आहेत. पण छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी ज्यांना दिलेली आहे, त्यांनी त्या अजिबात घेऊ नयेत. दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायकरीत्या खाली येतो. काकांच्या कागदावर नायट्रेट नव्हतं, तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जायचं ठरलं.