टेक्सासमध्ये .२२३ साठी घरी काडतुसं भरायची आहेत. कोणती गोळी, कोणती पावडर, वेग किती पकडू?

विचारणारे मूळचे कोल्हापूरचे आहेत. रायफल बोल्ट ॲक्शन (दर गोळीला खिट्टी, म्हणजे बोल्ट, हातानं ओढायचा) .२२३ रेमिंग्टन, नळीचा पीळ १:१२, म्हणजे बारा इंचांत एक फेरा, आणि मारायचे आहेत शेतातले प्रेअरी डॉग (बिळात राहणारे खारीच्या जातीचे प्राणी) आणि कायोटी (छोटा लांडगाच म्हणा). प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. वेग किती पकडू, म्हणे.

वेग पकडू नका. सारखेपणा पकडा. शंभर काडतुसं भरली तर शंभरावं पहिल्यासारखंच निघालं पाहिजे. ते जमलं की जो वेग मिळेल तो तुमचा.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूममध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. २०१७ च्या जानेवारीत ताईकडे टेक्सासला गेलो, लबककडे. सगळा सपाट मुलूख, कापसाची शेतं आणि दिवसभर वारा. दाजींच्या गॅरेजमध्ये प्रेस, डाय (काडतुसाला आकार देणारा साचा), तराजू सगळं मांडलेलं. मी पाहुणा व्हिसावर होतो, म्हणून आधी परराज्यातल्या माणसाला मिळतो तो शिकारीचा परवाना काढला. तसला परवाना नसेल तर त्या व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवणं तिकडं गुन्हा आहे. मग रोज संध्याकाळी दाजींच्या शेजारी बसून भरणी शिकलो. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की हे आपलंच काम आहे. डाय बसवायची, माप घ्यायचं, पुन्हा माप घ्यायचं.

दाजींना वेगाचं वेड. ४० ग्रेन वजनाची हलकी गोळी, भरणीच्या पुस्तकातली कमाल दारू, म्हणजे पावडर, आणि क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) सेकंदाला ३७०० फूट दिसले की स्वारी खूश. मी म्हणालो, "दाजी, कागदावर भोकं बघा की." शंभर यार्डांवर पाच गोळ्या दीड इंचात विखुरलेल्या. ते म्हणाले, "प्रेअरी डॉगला तेवढं पुरतं." शंभर यार्डांवर पुरेल हो. पण ते उभे राहतात अडीचशे-तीनशे यार्डांवर, म्हणजे तोच दीड इंच तिथं चार-साडेचार होतो. त्यात हलकी गोळी वाऱ्यानं जास्त ढकलली जाते. हॉर्नडी कंपनीच्या व्ही-मॅक्स गोळ्यांत ४० ग्रेनचा बॅलिस्टिक कोएफिशंट (गोळी हवा किती चांगली कापते त्याचा आकडा, जास्त तितका बरा) .२०० आहे, ५० ग्रेनचा .२४२. सुरुवातीचा वेग जास्त असला तरी लांबवर हलकी गोळी तो पटकन गमावते. लबकच्या वाऱ्यात हा फरक डोळ्यांनी दिसतो.

मी ५० ग्रेन घेतली आणि दारू पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापापासून थोडीथोडी चढवत गेलो. एक ग्रेन म्हणजे किती, हे गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, वाढलेल्या माणसाला पटकन कळतं. तोळा बरोबर १८० ग्रेनचा आणि गुंजा ९६, म्हणजे एक ग्रेन अर्ध्या गुंजेपेक्षा जरासा जास्त. आणि दारू चढवायची ती ग्रेनच्याही दहाव्या भागांत मोजून. मी प्रत्येक पायरीची पाच-पाच काडतुसं भरली. तीन गोळ्यांच्या गटावर विश्वास ठेवू नका, तो फसवतो. कमाल मापाच्या बरंच खाली एका ठिकाणी पाच गोळ्या पाऊण इंचात आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी तिथं थांबलो.

पुंगळ्यांवर, म्हणजे काडतुसांच्या पितळी कवचांवर, मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तुम्हीही घालवा. एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या, तितक्याच वेळा उडवलेल्या. वेगवेगळ्या बनावटीच्या पुंगळ्यांचं आतलं आकारमान वेगळं असतं, म्हणजे दारू तीच आणि दाब वेगळा. लांबी १.७६० इंचाच्या वर गेली की १.७५० ला कापायची. डाय बसवताना पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) फक्त दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, मागं न्यायचा, पूर्ण दाबून घ्यायचा नाही, नाहीतर पितळ दर वेळी ताणून बुडाजवळ तुटतं. दाजी जमिनीवर सापडलेली कुणाचीही पुंगळी उचलून भरायचे.

जूनमध्ये भांडण झालं. दाजींनी त्यांची काडतुसं जानेवारीच्या थंडीत ठरवली होती, बॉल पावडरवर, म्हणजे गोल दाण्यांच्या दारूवर, तीही कमाल मापावर. आता पारा चाळिसाच्या आसपास, आणि डबा गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात. तिसऱ्या गोळीनंतर बोल्ट उघडेना. मी हातानं ठोकून उघडला. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) सपाट झालेला, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरची, म्हणजे पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीची, खूण उमटलेली. मी म्हणालो, दाब चढलाय, आज बस करा. दाजी म्हणाले, पुंगळी वाईट आहे. आणि अजून दोन उडवल्या! ताईनं संध्याकाळी जेवायला बोलावलं तेव्हा आम्ही दोघं दोन टोकांना बसलो होतो. मी आठवड्याभरात परत आलो, आणि या विषयावर आम्ही आजवर बोललेलो नाही.

तर पावडरचं उत्तर असं. बॉल पावडर, उदाहरणार्थ एच३३५, मापातून पाण्यासारखी सरळ पडते, पण उष्णतेत दाब वाढवते. व्हारगेटसारखी काडीच्या आकाराची पावडर मापायला किचकट, प्रत्येक वेळी तराजूवर घ्यावी लागते, पण थंडी-उन्हात फारशी बदलत नाही. टेक्सासला मी ही काडीवालीच घेईन. किती ग्रेन, ते मी सांगणार नाही. तुमच्या गोळीच्या आणि पावडरच्या कंपनीच्या पुस्तकात बघा आणि खालून सुरू करा. तुमच्या १:१२ पिळाला ५० ग्रेनपासून सुरुवात करा, ५५ पर्यंत चालेल. ६९ किंवा ७७ ग्रेनच्या लांब गोळ्या त्या पिळात स्थिर होत नाहीत, आडव्या जाऊन लागतात. नळी गरम झाली की थांबा. प्रेअरी डॉगच्या वसाहतीवर माणूस धडाधड उडवत सुटतो आणि नळीचा घसा, म्हणजे गोळी शिरते तो सुरुवातीचा भाग, जाळतो.

कायोटीचं मला फारसं माहीत नाही, एकच पाहिला.

हे सगळं तिकडच्यासाठी. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसं भरणं शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे आणि शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे. राधानगरीकडे डुकरं ऊस लोळवतात हे खरं, पण त्यासाठी वनखात्याकडेच जायचं, पंचनामा आणि भरपाईसाठी. गावी येताना बॅगेचे सगळे कप्पे झाडून बघा, एक काडतूस राहिलं तरी विमानतळावर गुन्हा दाखल होतो.

आणि दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर, त्या दिवशीच्या पाचही पुंगळ्या मी उचलून ठेवल्या होत्या. गॅरेजमध्ये वरच्या खणात, निळ्या डबीत. त्यात नवा प्रायमर बसवून बघा. अंगठ्यानं दाबला तरी आत जातो, इतकी जागा सैल झालीय. त्या तुमच्याच होत्या, नव्या पाकिटातल्या, पहिल्यांदा उडवलेल्या.