बत्तिसाव्या स्लाइडवरचा आकडा

अनेक आशीर्वाद.

मंगळवारच्या सादरीकरणाची तुझी फाइल काल रात्री जेवणं झाल्यावर उघडली. 42 स्लाइड्स. कंपनीचा इतिहास, प्लांटचा फोटो, विभागाची रचना, मग तपासणीचा कॅमेरा कसा चालतो याच्या नऊ स्लाइड्स. मेहनत दिसते, खोटं कशाला बोलू? पण मंगळवारी तुमच्या कंपनीची वरिष्ठ मंडळी ज्यासाठी जमणार आहेत तो आकडा मला बत्तिसाव्या स्लाइडवर, तक्त्याच्या तळाच्या ओळीत सापडला. एका तिमाहीत ग्राहकाकडून परत आलेल्या मालाचा फटका 11 लाख, आणि कॅमेरा 18 लाखांचा. निम्मे खराब पीस जरी त्याने पकडले तरी वर्षाच्या आत पैसे वसूल. हेच तू मला फोनवर एका दमात सांगितलं होतंस. मग फाइलमध्ये ते इतकं दडवून का ठेवलंस?

कारण मला ठाऊक आहे, मीही तेच करायचो. आपण किती काम केलंय हे आधी दिसावं असं वाटतं. ट्रान्स्परन्सीच्या, म्हणजे प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक कागदांच्या, काळात एका मोठ्या ग्राहकाकडे मी पाऊण तासाची तयारी करून गेलो होतो. दहाव्या मिनिटाला त्यांच्या प्लांट हेडनी विचारलं, "भाव काय?" मी म्हणालो, "त्यावर येतोच आहे, साहेब." पाच मिनिटांनी ते दुसऱ्या मीटिंगला उठून गेले. उरलेली अर्धी चळत मी दोन ज्युनिअर इंजिनिअरना दाखवली. बिस्किटं मात्र चांगली होती.

तळाच्या ओळीची याहून फार मोठी किंमत मोजल्याचंही उदाहरण आहे. 16 जानेवारी 2003 ला नासाचं कोलंबिया यान उडालं तेव्हा इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच इंजिनिअरांनी धोक्याचा अंदाज स्लाइड्सवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं. अगदी खाली, बारीक अक्षरांत, लिहिलं होतं की चाचणीतला तुकडा 3 घन इंचांचा होता आणि आदळलेला 1920 घन इंचांचा, म्हणजे 640 पट मोठा. ज्या चाचणीवर तो दिलासा उभा होता, ती इथे लागूच पडत नव्हती. 1 फेब्रुवारीला परतताना यान फुटलं, कल्पना चावलासह सातही जण गेले. दोष एका स्लाइडचा नव्हे, कारणं पुष्कळ होती. पण चौकशी अहवालात त्या स्लाइडची चिरफाड आहे. सवड काढून वाच.

तेव्हा बत्तिसावी स्लाइड पहिली कर. शीर्षकात नुसतं 'रिजेक्शन विश्लेषण' लिहू नकोस, त्यातून काहीच कळत नाही. क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य लिही: 'पीसच्या आतल्या भोकातला, म्हणजे बोअरमधला, ओरखडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माल परत येतो.' नुसती शीर्षकं ओळीने वाचली तरी तुझं म्हणणं समजलं पाहिजे. असं केलंस की बारा-पंधरा स्लाइड्स उरतील. बाकीच्या फेकू नकोस, शेवटी जोडून ठेव, प्रश्न आला की काढता येतील.

आणि एक कर. परत आलेल्यातला एक पीस, लाल टॅग न काढता, सोबत ने. पहिलं वाक्य बोलून झालं की तो टेबलावर ठेव आणि फिरू दे. तुमचे फायनान्सचे साहेब लाइनवर कधी उभे राहिले असतील असं वाटत नाही. ते बोअरच्या आत बोट घालतील, ओरखड्यावर नख अडकेल. तेवढा वेळ तू गप्प राहा. हे सगळ्यात अवघड आहे, माणसाला शांतता भरून काढायची घाई होते. तुझ्या नऊ स्लाइड्सचं काम ते नख करेल.

पाठांतर करू नकोस. सुरुवातीची तीन वाक्यं आणि शेवटची मागणी ('18 लाखांना या महिन्यात मंजुरी हवी') एवढंच तोंडपाठ असू दे. घरी उभं राहून, मोठ्याने, आईला सांगून बघ. तिला कळलं तर बोर्डरूमलाही कळेल. इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. स्लाइड इंग्रजीत असू दे, पण ती माणसं आपसात मराठी-हिंदीत बोलतात, मग तूच का अडखळत बसायचं? प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर 'उद्या दुपारपर्यंत कळवते' म्हण, आणि खरंच कळव. ऑपरेटरच्या मराठी सूचनांची स्लाइड दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसेल तर अक्षरांऐवजी चौकोन-चौकोन दिसू शकते, म्हणून पीडीएफही जवळ ठेव.

सुधारलेली फाइल रविवारी संध्याकाळपर्यंत पाठव. तो पीस मात्र क्वालिटीच्या रजिस्टरवर सही करूनच बाहेर काढ, नाहीतर मंगळवारच्या आधी तुझी पहिली मीटिंग गेटवरच्या सिक्युरिटीबरोबर व्हायची.

तुझा,
सर