वाचकांचे प्रश्न : जळालेली मोटर भरून घ्यावी की नवी घ्यावी?

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री आहे. फेटलिंग (ओतीव भाग साफ करण्याच्या) विभागातील धूळ ओढणाऱ्या ब्लोअरची 15 एचपीची चार पोलची मोटर यापूर्वी दोनदा भरून (तारेचे वाइंडिंग नव्याने करून) घेतली होती. ती आता पुन्हा जळाली आहे. मुलगा आयई3 (जास्त कार्यक्षमतेच्या वर्गातील) मोटर घेऊ म्हणतो, तर विक्रेता पुढचा विचार करून 20 एचपीची घ्या असे सांगतो. ब्लोअर दोन पाळ्या चालतो. काय करावे?
— एक वाचक, उद्यमबाग

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्याचे कारण 'दोन पाळ्या' या आपल्याच शब्दांत आहे. आयएस 12615 या भारतीय मानकाच्या 2018 च्या आवृत्तीप्रमाणे 11 किलोवॅटच्या, म्हणजे 15 एचपीच्या, चार पोलच्या मोटरची कार्यक्षमता आयई2 वर्गात 89.8, आयई3 मध्ये 91.4 आणि आयई4 मध्ये 93.3 टक्के असावी लागते. दोनदा भरलेली आपली जुनी मोटर 86 टक्क्यांवर असेल असे धरू. भरताना जुनी तार काढण्यासाठी स्टेटर (मोटरचा स्थिर भाग) आगीवर तापवला असेल, तर त्याच्या पत्र्यांमधील वॉर्निश जळून लोहनुकसान (लोखंडी गाभ्यात वाया जाणारी वीज) वाढते आणि ते पुन्हा भरून येत नाही. पाऊण भार, वर्षाला 4,800 तास आणि युनिटला 8 रुपये दर धरला, तर जुनीऐवजी आयई3 घेतल्याने सुमारे 2,700 युनिट, म्हणजे साधारण 21,700 रुपये वाचतात. हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलावरील आपला प्रत्यक्ष दर घालून हे गणित पुन्हा करावे. आयई3 ऐवजी आयई4 घेतल्यास आणखी सुमारे 880 युनिट वाचतील. किमतीतील फरक दोन-तीन वर्षांत वसूल होत असेल तर तीही घ्यावी.

20 एचपीचा सल्ला मात्र मानू नये. गरजेपेक्षा मोठी मोटर कमी भारावर चालते, तिचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या प्रवाहापैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) घसरतो आणि भार फारच कमी असेल तर कार्यक्षमताही. भार ठरवताना केवळ अँपिअरवर विसंबू नये, कारण हलक्या भारावरही मोटर चुंबकनासाठी बराच प्रवाह ओढते. किलोवॅट दाखवणारे मीटर लावून पाहावे.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कार्यक्षम मोटरची स्लिप (फिरत्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा मागे पडण्याचे प्रमाण) कमी असल्याने ती थोडी जास्त वेगाने फिरते, आणि ब्लोअरला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. जुनी मोटर मिनिटाला 1,440 फेरे फिरत असेल आणि नवी 1,465, तर ब्लोअर सुमारे पाच टक्के जास्त शक्ती ओढेल आणि वरची बचत बरीचशी त्यातच जाईल. म्हणून दोन्ही नेमप्लेटवरील फेरे पाहून मोटरची पुली त्या प्रमाणात लहान करून घ्यावी. नव्या मोटरचा सुरुवातीचा प्रवाहही जास्त असू शकतो, तेव्हा ब्रेकर तपासून घ्यावा आणि ओव्हरलोड रिले (जादा भार आल्यास मोटर बंद करणारे साधन) नव्या नेमप्लेटवरील प्रवाहाप्रमाणे लावावा. डॅम्पर (हवेची झडप) कायम अर्धा बंद ठेवावा लागत असेल, तर मोटरचा वर्ग बदलण्याआधी ब्लोअरचा वेग कमी करण्याचा विचार करावा. खरी बचत तिथे आहे.

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या भात गिरणीची 10 एचपीची आयई2 मोटर चांगली चालते. ती काढून आयई3 बसवावी का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : गरज नाही. हंगामी गिरणी वर्षाला 600 तास चालते असे धरले, तर पाऊण भारावर जेमतेम 72 युनिट वाचतील. त्यापेक्षा पावसाळा संपल्यावर हंगाम सुरू करण्यापूर्वी वाइंडिंग मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या उपकरणाने) तपासून घ्यावे आणि ओल आढळल्यास ते सुकवल्याशिवाय मोटर चालू करू नये.